११० ची जाळी आणि आमचं शहाणपण

आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. विषय ऐकून काही जण इथूनच पळतील : स्क्रीन प्रिंटिंगला कुठली जाळी वापरावी. शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचायचा हा विषय आहे का, असं दोन वर्षांपूर्वी मीही म्हणालो असतो. पण जरा कपाट उघडून बघा. कुठल्या तरी प्रॉडक्ट लाँचला, मॅरेथॉनला, नाहीतर गणेशोत्सवात मिळालेले चार-पाच टी-शर्ट तुमच्याकडे नक्की असतील. त्यातल्या एकावरची बारीक अक्षरं एकमेकांना चिकटलेली असतील, दुसऱ्यावरचा पांढरा रंग पांढरा कमी आणि राखाडी जास्त दिसत असेल. आणि त्या प्रत्येकाच्या मागे एक प्रिंटर असेल, ज्याला कुणीतरी "तुम्हाला काम जमत नाही राव" असं ऐकवलं असेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुष्कळदा त्याला काम जमत असतं. चूक असते ती जाळीचा नुसता आकडा फेकणाऱ्यांची. आकडा फेकतो एक जण, विकतो दुसरा आणि भुर्दंड भरतो तिसराच. हे मला ठाऊक आहे, कारण आकडा फेकणारा मी होतो.

तर झालं असं. आमच्या प्रॉडक्टला दहा वर्षं पूर्ण झाली म्हणून टीमसाठी टी-शर्ट करायचे ठरले. ऐंशी नग, काळं कापड, त्यावर पांढरा एकरंगी छाप. हापिसात "पुण्याचा कोण आहे?" असं विचारलं की माझंच नाव निघतं, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या डिझायनरनं सर्किट बोर्डाच्या रेघांची नक्षी काढली होती. स्क्रीनवर झकास दिसत होती. मी ती घेऊन पेठेतल्या एका प्रिंटरकाकांकडे गेलो. एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेल्या पन्नासेक फ्रेम, दोरीवर वाळत घातलेल्या कापडी पिशव्या. लग्नपत्रिका, पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट अशी त्यांची कामं. तीस वर्षं हाच धंदा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चौकटीवर पॉलिएस्टरची बारीक जाळी ताणून बसवतात. तिच्यावर उजेडानं कडक होणारं इमल्शन लावून वाळवतात. त्यावर काळ्या शाईतलं चित्र असलेली फिल्म ठेवून उजेड दिला की जिथे काळं आहे तिथलं इमल्शन कच्चं राहतं आणि पाण्यानं धुतल्यावर निघून जातं. मग जाळीवर शाई ओतायची आणि रबरी पट्टीच्या स्क्विजीनं ओढायची. मोकळ्या झालेल्या भोकांतून शाई खालच्या कापडावर उतरते. म्हणजे चित्र कितीही सुंदर असो, ते कापडापर्यंत पोचतं त्या भोकांतूनच.

काकांनी प्रिंटआउट डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "रेघा फार बारीक आहेत हो. काळ्यावर पांढरं म्हणजे रबर लागणार. जाड जाळी घ्यावी लागेल, मग या रेघा राहायच्या नाहीत." (रबर म्हणजे गडद कापडावर वापरतात ती दाट, झाकणारी शाई.)

आता मी काय म्हणावं? आदल्या रात्री मी अर्धा तास अमेरिकन व्हिडिओ बघितले होते. त्यामुळे मला सगळं कळत होतं! मी म्हणालो, "काका, टी-शर्टला ११० ची जाळी वापरतात. सगळीकडे तसंच लिहिलंय."

"माझ्याकडे १०० आणि १२० आहे," काका म्हणाले, "पण ते कागदाचं कापड आहे. पत्रिकांसाठी वापरतो. त्यातून रबर उतरायचं नाही."

"१२० तर जवळचंच झालं की! करून तरी बघा."

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर लोक, वाचून सांगताय म्हणजे असेल तसं."

हे वाक्य मला आजही टोचतं. तीस वर्षं हात काळे-पांढरे केलेला माणूस बरोबर बोलत होता आणि अर्धा तास व्हिडिओ बघितलेल्या माणसाच्या आकड्यापुढे त्यानं माघार घेतली.

पुढचं सांगायला नकोच, पण सांगतो. शाई जरा पातळ करून त्यांनी एक नमुना काढला, फोनवर फोटो पाठवला. ओला पांढरा रंग फोटोत छान चमकत होता. मी लिहिलं, "मस्त! चालू करा." ऐंशी टी-शर्ट छापून झाले. सुकल्यावर त्या शाईतलं पाणी उडालं, वर उरला तो पातळ थर, आणि काळ्या कापडाचे तंतू त्यातून डोकावायला लागले. रेघा एकदम रेखीव आल्या होत्या, फक्त त्या पांढऱ्या नव्हत्या. धुरकट करड्या होत्या. हापिसात खोकी उघडली तेव्हा कुणीतरी विचारलं, "हे जुने आहेत का?" अकाउंट्सवाल्यांनी काम अमान्य म्हणून बिल अडवलं. टी-शर्ट काकांनीच स्वतःच्या पैशानं घेतलेले होते.

आता माझी चूक बघा. अमेरिकेत जाळीचा आकडा म्हणजे एका इंचात किती धागे. आपल्याकडे बाजारात जे कापड मिळतं त्यावरचा आकडा बहुतेकदा सेंटीमीटरचा असतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर. म्हणजे त्यांची ११० ची जाळी ही आपली ४३ ची. आणि काकांची १२० ची जाळी ही अमेरिकन हिशेबात ३०५ ची! मी "जवळचीच" म्हणून जी पसंत केली ती जवळपास तिप्पट बारीक होती. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळापाशी नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरनं पाउंडांत आकडे दिले आणि दुसऱ्यानं ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं. ही गोष्ट मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये दरवर्षी सांगतो. फार रंगवून सांगतो. आणि पेठेत जाऊन तीच चूक करून आलो.

पण एकक सांभाळलं की प्रश्न सुटला, असं समजू नका. माझं खरं भांडण तर इथून पुढे आहे. आकडा बरोबर असला तरी तो अर्धाच असतो.

घरी रव्याची चाळण वेगळी असते आणि मैद्याची वेगळी. मैद्याच्या चाळणीतून कुणी रवा चाळायला बसत नाही. ही उपमा मी ओढून-ताणून आणलेली नाही बरं का. स्क्रीन प्रिंटिंगची जाळी खरोखरच पिठाच्या गिरण्यांमधून आली आहे. पीठ चाळायला रेशमाचं बारीक जाळीदार कापड वापरत, तेच छपाईवाल्यांनी चौकटीवर ताणलं, म्हणून "सिल्क स्क्रीन" हे नाव. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे रेशीम गेलं, पॉलिएस्टर आलं, नाव मात्र चिकटून राहिलं. आमच्या सर्किट बोर्डावर जी पांढरी अक्षरं असतात त्या थराला आजही सिल्कस्क्रीनच म्हणतात, मग ती इंकजेटनं छापलेली का असेनात.

तर चाळणीत महत्त्वाचं काय? भोक केवढं आहे ते. आणि नुसत्या धाग्यांच्या संख्येवरून भोक कळत नाही, कारण धागा किती जाड आहे तेही कळायला हवं. शाळेतलं गणित आहे. एका सेंटीमीटरमध्ये १०,००० मायक्रॉन. ४३ धागे असतील तर एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंत सुमारे २३२ मायक्रॉन. त्यातले ८० मायक्रॉन धाग्याचे गेले की भोक उरलं साधारण १५२ चं. आता १२० ची जाळी घ्या. तिथे दोन धाग्यांतलं अंतर ८३ मायक्रॉन. धागा ३४ चा असेल तर भोक ४९ चं, आणि धागा ४० चा असेल तर भोक ४३ चं. (विणताना धागे थोडे चपटे होतात, त्यामुळे प्रत्यक्षात भोक याहून जरा लहानच भरतं. हिशेबाला एवढं पुरे.)

"सहा मायक्रॉनचा तर फरक!" असं म्हणाल. पण भोक लांबीतही घटतं आणि रुंदीतही. जाळीचा किती भाग मोकळा आहे ते काढायचं तर भोकाला धाग्यांच्या अंतरानं भागून वर्ग करायचा. ३४ च्या धाग्याला उत्तर येतं सुमारे ३५ टक्के, ४० च्या धाग्याला २७ टक्के. दोन्ही कापडं दुकानात "१२०" म्हणूनच विकली जातात. एकीतून शाई सहज जाते, दुसरीशी झटापट करावी लागते, आणि प्रिंटरला वाटतं आज शाईच खराब आली.

बरं, शाई किती उतरणार हे मोकळ्या जागेबरोबर जाळीच्या जाडीवरही ठरतं. भोक म्हणजे खरं तर छोटी वाटी आहे. वाटी जितकी खोल, तितकी शाई जास्त. ८० च्या धाग्याची ४३ ची जाळी ३४ च्या धाग्याच्या १२० पेक्षा जाड, आणि मोकळीही जास्त. दोन्ही धरून तिच्यातून सुमारे तिप्पट शाई उतरते. माझे टी-शर्ट करडे का झाले याचं उत्तर एवढं साधं आहे. काळं कापड झाकायला जितकी शाई हवी होती, तिच्या तिसरा हिस्साच तिथे पोचला. त्यातही ती मी पातळ करायला लावलेली.

मग ४३ च वापरायची ना? तेही काका सांगतच होते की नाही चालणार. आमच्या नक्षीतली रेघ अर्ध्या पॉइंटची होती, म्हणजे सुमारे १७६ मायक्रॉन. ४३ च्या जाळीत दोन धाग्यांमधलं अंतरच २३२. रेघ जाळीच्या एका घरापेक्षाही बारीक! कुठे ती धाग्याखाली गडप होणार, कुठे भोकात सापडणार. पुढे आम्ही खरंच करून पाहिलं, तर रेघेच्या जागी करवतीचे दात आणि मधूनमधून ठिपके. १२० च्या जाळीत त्याच रेघेला दोन घरं मिळतात, म्हणून ती तिथे सरळ आली होती.

म्हणजे मी काकांकडे असं चित्र घेऊन गेलो होतो, जे बारीक जाळीतून पांढरं येणार नव्हतं आणि जाड जाळीतून सरळ येणार नव्हतं. मधली ७७ ची जाळी घेऊन, एकदा छापून, मध्ये गरम हवेनं सुकवून, त्यावर पुन्हा बरोब्बर जागेवर छापलं असतं तर कदाचित जमलं असतं. पण त्याला वेळ दुप्पट, मजुरी दुप्पट, आणि दर तर मी घासाघीस करून आधीच खाली आणलेला. सॉफ्टवेअरमध्ये रिक्वायरमेंटच परस्परविरोधी असली की आपण क्लायंटच्या नावानं किती शंख करतो! इथे क्लायंट मी होतो.

आता कापड विकणाऱ्यांकडे वळू. प्रकरण अंगावर आल्यावर मी काकांबरोबर घाऊक बाजारातल्या एका दुकानात गेलो. विचारलं, "या १२० चा धागा किती मायक्रॉनचा?" दुकानदारानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी भाजीवाल्याला वांग्याचं जनुक विचारलं. "१२० म्हणजे १२०. पांढरं पाहिजे की पिवळं? पिवळं भारी क्वालिटी." रोलला लेबल नव्हतं, कापड मीटरनं कापून द्यायचं.

ही पिवळ्याची "भारी क्वालिटी" हीसुद्धा एक लोणकढी थाप. पिवळा रंग कापड भक्कम आहे म्हणून देत नाहीत. पांढऱ्या धाग्यावर पडलेला उजेड धाग्यातून इकडेतिकडे पसरतो आणि फिल्मच्या काळ्या भागाखालचं इमल्शनही कडेनं कडक करून टाकतो. मग बारीक रेघ आणखी बारीक होते, नाहीतर बुजतेच. पिवळा धागा तो घातक उजेड शोषून घेतो. म्हणून बारीक कामाला पिवळी जाळी घ्यायची, आणि तिला एक्सपोजरही जास्त वेळ द्यायचं. ही दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पांढऱ्या जाळीच्या सवयीनं तेवढाच वेळ उजेड दिला की इमल्शन अर्धकच्चं राहतं, धुताना वाहून जातं, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "भारी कापड घेऊनसुद्धा याला जमेना." मंडळाच्या टी-शर्टवरच्या चार इंची अक्षरांना मात्र पांढरी जाळी उत्तम चालते. तिथे पिवळीला जादा पैसे मोजणं म्हणजे पाण्यात टाकणं.

लाकडी फ्रेमला स्टेपल मारून हातानं ताणलेल्या कापडाचंही तेच. ताण मोजायचं मीटर असतं, न्यूटनमध्ये आकडा दाखवतं. कुठल्या जाळीला किती ताण चालतो हे चांगल्या कापडाच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. लेबलच नसलेल्या कापडाचं माहितीपत्रक आणणार कुठून? मग अंगठ्यानं दाबून "टणटणीत" वाटलं की झालं. महिन्याभरात लाकूड ओलं-सुकं होतं, कापड सैल पडतं, आणि जी जाळी जानेवारीत सुरेख छापत होती ती जुलैत कडा फरकटायला लागते.

याच तंत्राची दुसरी बाजू बघा म्हणजे माझा राग कळेल. सौर पॅनेलच्या सेलवर ज्या बारीक चंदेरी रेघा दिसतात त्या स्क्रीन प्रिंटिंगनं छापतात. चांदीची पेस्ट, स्टेनलेस स्टीलच्या अतिबारीक तारांची जाळी. रेघ जाड झाली तर चांदी वाया आणि उजेडही अडतो, म्हणून तिथे एकेका मायक्रॉनसाठी मारामारी चालते. घरी मधुमेहाची तपासणी करायच्या पट्ट्या असतात, त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवरचे इलेक्ट्रोडही असेच छापलेले असतात. त्या कारखान्यात कुणी "१२० म्हणजे १२०" असं म्हणून बघावं! तिथे धाग्याची जाडी, भोक, ताण, इमल्शनचा थर सगळं कागदावर असतं. म्हणजे ज्ञान आहे, आकडे आहेत. फक्त ते जिथे पैसा आहे तिथपर्यंतच पोचतात. पेठेतल्या खोलीत पोचतो तो लेबल फाडलेला रोल आणि व्हिडिओ बघून आलेला इंजिनिअर.

यावर मला तीन उत्तरं ऐकायला मिळाली आहेत. तिन्हींचा समाचार घेतो.

पहिलं : "अहो, हे अनुभवाचं काम आहे, आकडे कशाला?" हे बोलायला फार गोड वाटतं. पण माझ्या प्रकरणात अनुभव बरोबर होता आणि तरी हरला. का? कारण मी आकडा घेऊन आलो होतो आणि काकांकडे उलट मारायला आकडा नव्हता. "रबर उतरायचं नाही" हे त्यांना हातानं माहीत होतं. "तुमची ११० म्हणजे माझी ४३, आणि तुमची रेघ तिच्या एका घरापेक्षा बारीक आहे" असं ते म्हणू शकले असते, तर मी तिथल्या तिथे गप्प झालो असतो. आकडे अनुभवाची जागा घेत नाहीत, पण शहाण्या गिऱ्हाइकासमोर अनुभवाला उभं राहायला जागा देतात. शिवाय अनुभव एका शाईचा, एका कापडाचा असतो. शाई बदलली की तो पुन्हा पहिल्यापासून, नुकसान सोसून मिळवावा लागतो.

दुसरं : "आता डीटीएफ आलंय, स्क्रीन प्रिंटिंग संपलं." फिल्मवर डिजिटल छापून उष्णतेनं टी-शर्टवर चिकटवायचं हे तंत्र चांगलंच आहे. दहा नग, सात रंग, फोटोसारखं चित्र असेल तर बेलाशक तेच करा. पण एका रंगाचे तीनशे टी-शर्ट करायचे असले की दर विचारून बघा. एकदा स्क्रीन तयार झाली की पुढचा प्रत्येक नग म्हणजे स्क्विजीचा एक हात. आणि डीटीएफनं खोकी, लग्नपत्रिका, डबे, काच यांचा प्रश्न सुटत नाही.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे : "छोट्या प्रिंटरला दहा प्रकारच्या जाळ्या परवडत नाहीत." मान्य. पण दहा लागतातच कुठे? काकांनी आणि मी बसून त्यांच्या कामांची यादी केली तर तीन जाळ्यांत जवळजवळ सगळं बसलं. गडद कापडावर झाकणारी शाई आणि ठळक अक्षरं : ४३. फिक्या कापडावर पाण्याची पिगमेंट शाई, मध्यम बारकावे : ७७. कागद, पत्रिका, बारीक अक्षर : १२०, पिवळी, ३४ च्या धाग्याची. चमकीची शाई असेल तर तिचे कण मोठे असतात, ते ४३ मध्येही अडकतात. त्यासाठी १०-१५ च्या आसपासची ढोबळ जाळी लागते. ते काम वर्षात दोनदा येतं, तेव्हा बाहेरून करून घ्यायचं. ठिपक्यांची छटा असलेलं चित्र आलं तर ठिपक्यांच्या ओळींच्या निदान चौपट-पाचपट धागे हवेत. म्हणजे इंचाला ४५ ओळी असतील तर इंचाला साधारण २२५ धागे, आपल्या हिशेबात ९० ची जाळी. ती नसेल तर सरळ नाही म्हणायचं.

"नाही म्हणायचं" हे लिहायला सोपं आहे, हे मला कळतं. सीझनच्या तोंडावर ऐंशी टी-शर्टची ऑर्डर आली तर नाही कोण म्हणेल? म्हणून माझं मुख्य भांडण प्रिंटरशी नाहीच. ते आपल्याशी आहे. आपण, म्हणजे हापिसात बसून असली कामं "जरा करून घ्या" म्हणून सोपवणारे. स्क्रीनवर झूम करून चित्र पसंत करतो, शाई कुठली, कापड कुठलं हे विचारत नाही, वर कुठला तरी आकडा ऐकवतो, दर पाडतो, आणि नीट आलं नाही की बिल अडवतो. अशी टेस्टिंग न करता रिलीज केलेली वस्तू आपल्या कामात आपण खपवून घेतो का?

पुढच्या वेळी आकडा घेऊन जाऊ नका. कापडाचा तुकडा घेऊन जा. चित्रातली सगळ्यात बारीक रेघ किती मिलिमीटरची आहे ते मोजून जा. मग विचारा, "ही रेघ या कापडावर या रंगात येईल का? नसेल तर चित्रात काय बदलू?" नमुना सुकवून, शक्य असेल तर धुऊन, हातात घेऊन उन्हात बघा. फोनवर बघून होकार देऊ नका. आणि कापड विकणाऱ्यांनो, संख्या आणि धागा असे दोन आकडे आणि इंच की सेंटीमीटर एवढं रोलवर लिहायला तुमचं काय जातं?

आमच्या टी-शर्टचं शेवटी काय झालं? डिझायनरला मस्का मारून रेघा दीड पॉइंटच्या करून घेतल्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. अर्ध्या रेघा काढूनच टाकल्या. काकांनी ४३ वर छापलं आणि एकदम पांढरंशुभ्र आलं. टीममध्ये एकालाही काढलेल्या रेघांची आठवण झाली नाही. पहिल्या ऐंशी टी-शर्टचे सगळे पैसे मी खिशातून द्यायला गेलो, तर काकांनी निम्मेच घेतले. म्हणाले, "नमुना मीही बघितला होता." यावर काय बोलणार?

परवा पुन्हा त्यांच्याकडे गेलो होतो. सगळ्या फ्रेमच्या कडांवर मार्करनं आकडे लिहिलेत : ४३-८०, ७७-४८, १२०-३४. माझ्यापुढे एक तरुण मुलगा उभा होता, स्टार्टअपवाला असावा. मोबाइल पुढे करून काकांना सांगत होता, "अंकल, याला वन फिफ्टी सिक्सची मेश लागते."

काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "इंचात की सेंटीमीटरमध्ये?"